खापरावरचा मांडा

“‘बरं व्हायचंय’ हे फार मोघम झालं,” द्वारकाबाईंचा लुळा डावा हात चोळत, व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली. “या हातानं नेमकं काय करायचंय?”

“आखाजीच्या सणाला खापरावर मांडा टाकायचाय.”

सुनेला हसू आवरेना. पक्षाघातानंतर ज्या हाताला पाण्याचा पेला पेलवत नव्हता, तो म्हणे पुरण भरलेला गोळा खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरवणार!

पण त्या दिवसापासून ओला रुमाल हाच द्वारकाबाईंचा मांडा झाला. या हातावरून त्या हातावर. पडला की उचलायचा, पुन्हा भिजवायचा.

आखाजीला अंगणात चूल पेटली, पालथं खापर तापलं. मांडा डाव्या हातावर आला नि हात थरथरला. सून झेलायला धावली.

“लांब हो!”

मांडा उजव्या हातावर गेला, परत आला, रुंदावत रुंदावत कोपराला भिडला. इतका पातळ, की त्यातून पलीकडचा जाळ दिसत होता. द्वारकाबाई हरखून आपल्याच हाताकडे बघत राहिल्या.

“आत्याबाई, टाका ना! खापर लाल झालंय!”

“टाकते गं,” त्या म्हणाल्या. “आधी डोळे भरून बघू तर दे!”