सगळ्यात जाड पुस्तक

“बाई, आम्ही दिलेलं पुस्तक वाचलंत का हो?”

शाल्मलीने विचारूनच टाकलं. निवृत्त झालेल्या बाईंना असं तोंडावर विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि त्या फाटकाबाहेर कान देऊन उभ्या होत्या.

“पहिलं पान रोज वाचते,” खांबेटेबाई म्हणाल्या. “स्केचपेनने लिहिलेली तुमची नावं दिसतात. पुढची छापील अक्षरं आता नाही दिसत गं. पण आहे काय त्यात? तू सांग की!”

शाल्मलीची पंचाईत झाली. “आम्हीही नाही वाचलं, बाई. दुकानात सगळ्यात जाड तेच होतं, म्हणून घेतलं.”

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग त्यांनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. फाटकाबाहेरून हाका येत होत्या, तरी शाल्मली पहिलं प्रकरण वाचून दाखवूनच उठली.

घरी जेवताना तिने जाहीर केलं, “आई, बाबा, उद्यापासून मी बॅडमिंटनला पहाटे जाणार. संध्याकाळी खांबेटेबाईंकडे वाचायला जायचंय.”

“निवृत्त झाल्यावर कसली शिकवणी?” बाबांनी विचारलं.

“शिकवणी नाही, बाबा. त्यांना पुस्तक द्यायचंय.”

“ते निरोप समारंभात दिलंत ना?” आई म्हणाली.

“तेव्हा नुसतं हातात ठेवलं होतं. देणार आहे ते आता.”