संत्र्यांचा पास

लॉकडाऊनमध्ये रुख्मिणीच्या तिसऱ्या किमोची तारीख टळून महिना झाला, गाठ पुन्हा हाताला लागू लागली, तरी पुंजारामला अमरावतीला जायचा पास काही मिळेना. पास होता तो फक्त त्याच्या संत्र्यांना. शेवटी शेंदूरजनाघाटहून निघताना त्याने बायकोला मेटाडोरमध्ये कॅरेटांच्या मागे दडवलं आणि पोलिसांचे तीन नाके पार करून थेट दवाखान्याच्या फाटकाशी आणून उभं केलं.

"कॅन्सरचा वॉर्ड कोरोनाले देल्ला, भाऊ. बाईले वापस घेऊन जा," वॉचमन म्हणाला.

पुंजारामने त्याचे पायच धरले. वॉचमनने कसानुसा होऊन तोंड फिरवलं, तेव्हा त्याला गाडीतला माल दिसला.



"संत्रे तेवढे उतरवून द्या. आतल्या पेशंटले लागून राह्यले."