व्यासापेक्षा मोठी जीवा

“चहा घ्या, बाई, आणि तक्रार मागे घ्या,” फायसन कालिंडे म्हणाला.

आतुपेले म्वांबा बाईंनी चहा घेतला. तक्रारीचा कागद टेबलावर होता तिथंच राहिला. त्यावर फक्त सही व्हायची बाकी होती.

झोम्बा शहरातल्या परीक्षा मंडळात कालिंडेची बावीस वर्षं गेली होती. रडत येणारे आईबाप आणि भांडत येणारे मास्तर, सगळ्यांना त्यानं गोड बोलून वाटेला लावलं होतं. या बाई ना रडत होत्या, ना भांडत होत्या. नुसत्या ठाण मांडून बसल्या होत्या, आणि त्याचाच त्याला वैताग आला होता.

“अहो, एका प्रश्नाचं काय घेऊन बसलात? पोरांनी आठ लिहिलं, आठाला मार्क मिळाले. मिटलं.”

“एनेलेसनं आठ लिहिलं नाही.”

एनेलेस ही बाईंच्या वर्गातली मुलगी. तिनं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, ‘अशी आकृती असूच शकत नाही.’ त्याचं शून्य मिळालं आणि विद्यापीठातली जागा तीन मार्कांनी हुकली. आता ती बाजारात मंदासीचे वडे तळत बसते. असली पोर कढईपुढं बसावी याची चीड बाईंच्या आवाजात नव्हती, पण कप खाली ठेवताना बशी चांगलीच वाजली.

“दाखवते,” म्हणत त्यांनी लॅपटॉप उघडला.

बाई पोरांना भूमितीच्या आकृत्या लिहून काढायला शिकवत. वर्तुळ कुठं, त्रिज्या किती, रेषा कुठून कुठं जाते, हे ओळीओळीनं कोडमध्ये लिहायचं. संगणक छापण्याजोगी रेखीव आकृती काढून देतो. मंडळाचे पेपरही आताशा असेच जुळवले जात.

“त्रिज्या पाच, म्हणजे व्यास दहा. दोन जीवा एकमेकींना छेदतात. एकीचे तुकडे चार आणि सहा. दुसरीचा एक तुकडा तीन, उरलेला काढा. गुणाकार सारखा यायला हवा, म्हणून आठ. बरोबर?”

“बरोबर. तेच तर म्हणतोय मी.”

“मग तीन आणि आठ किती?”

“अकरा.”

“आणि व्यास?”

वर्तुळात व्यासापेक्षा मोठी जीवा बसत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

“आता याला विचारते. छेदबिंदूपासून तीनवर वर्तुळ कुठं लागतं, शोध.” बाईंनी कळ दाबली. पडद्यावर तांबडी ओळ उमटली. “असा बिंदू नाहीच म्हणतंय. याला विचारलं असतं तर पेपर छापायच्या आधीच यानं पाय रोवले असते. पेपर काढणाऱ्यानं विचारलंच नाही. बिंदू अंदाजानं ठेवून दिला आणि शेजारी तीनचा आकडा चिकटवला. आकृती देखणी आहे, साहेब. नुसतीच देखणी आहे.”

कालिंडेला एक जुनं बोलणं आठवलं. गेल्या ख्रिसमसला दोन बाटल्या बिअर पोटात गेल्यावर गोंड्वेनं छाती ठोकून सांगितलं होतं, की भूमितीचा पेपर आपणच काढतो. गोंड्वे त्याचा मेहुणा. बाईंच्याच शाळेत मास्तर, आणि मुख्याध्यापकाच्या जागेसाठी बाईंच्या विरुद्ध उभा असलेला एकटाच उमेदवार.

अस्सं! एनेलेस निमित्ताला होती तर.

“कुणाचा काटा काढायला आलात ते कळलं हं मला,” तो म्हणाला.

“कळलं असेल तर लिफाफा उघडा.”

पेपर काढणाऱ्याचं नाव मोहोरबंद लिफाफ्यात असे. त्यानं शपथ घेतलेली असे. पुढं स्वतःची चूक ध्यानात आली तरी तोंड उघडायचं नाही, उघडलं तर तुरुंग. कुणी सही करून तक्रार दिली तरच लिफाफा तक्रारदारासमोर फुटे आणि सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या जात.

“त्या माणसाची मास्तरकी जाईल, बाई. बढती तर सोडाच. कुणाच्या ताटातली न्सिमा ओढताय, जरा विचार करा.”

“केलाय. पाच महिने तेवढंच केलंय.”

“बरं, असं करू. एनेलेसचे मार्क मी गुपचूप वाढवतो. या कानाचं त्या कानाला कळायचं नाही.”

“आठ न लिहिणारी अशी किती पोरं आहेत?”

“असतील चाळीसेक.”

“मग चाळीसांचे वाढवा. उघड उघड. चूक आमची होती, पोरांची नाही, असं लिहून.”

“आपल्यात म्हणतात, एका डोक्यावर छप्पर वाहून नेता येत नाही.”

“मग धरा की दुसरं टोक!”

कालिंडेला हसू आलं आणि रागही आला. इतकं पोलादी वैर त्यानं कधी बघितलं नव्हतं.

“एकदा लिफाफा फुटला की माघार नाही.”

“मी काय माघार घ्यायला आलेय?” बाईंनी पेन उचललं आणि ठळक अक्षरांत सही केली.

त्यानं तिजोरी उघडली. बायकोला काय तोंड दाखवायचं, याची जुळवाजुळव करतच मोहोर तोडली आणि कागद उलगडला.

गोंड्वेचं नाव नव्हतं. थापाड्या लेकाचा! कालिंडेचा जीव भांड्यात पडला. मग जे नाव होतं ते त्यानं पुन्हा वाचलं. टेबलावरची सही बघितली आणि तिसऱ्यांदा वाचलं.

“मनात नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचा.”

कालिंडेनं घसा खाकरला.

“गणित, पेपर दुसरा. पेपर काढणाऱ्याचं नाव, आतुपेले म्वांबा.”