सुटलेला प्लग

गाडी गॅरेजच्या दारात दोन आचके देऊन बंद पडली. वायरिंगवाली हातातलं काम ठेवून बाहेर आली आणि गाडी ओळखून जरा थबकली. महिन्याभरात ही गाडी तिसऱ्यांदा येत होती.

सासरे खाली उतरले. कायद्यानं आता ते तिचे कुणीच नव्हते. त्यांच्या मुलाशी फारकत होऊन वर्ष उलटलं होतं. मागच्या सीटवर सासूबाई नेहमीसारख्या काच बंद करून, सरळ समोर बघत बसल्या होत्या.

"परत बिघडली," सासरे ओशाळून म्हणाले. "डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, मग पिकअप घेत नाही. तुला सारखा त्रास. दुसरीकडे दाखवू म्हटलं तर ही ऐकत नाही. म्हणते, वायरिंगला एकच हात लागावा."

"बसा," ती म्हणाली. पूर्वी ती त्यांना बाबा म्हणायची. आता काय म्हणायचं ते ठरत नव्हतं, म्हणून कसलीच हाक न मारता ती बोलणं भागवायची.

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तिनं स्कॅनर जोडला आणि किल्ली फिरवली. पडद्यावर एकच दोष आला: हवेच्या सेन्सरकडून काही कळत नाही. इंजिनात किती हवा शिरते ते हा सेन्सर सांगतो. तो गप्प बसला की कंट्रोलर आपल्या अंदाजानं पेट्रोल सोडतो, आणि गाडी धापा टाकत चालते.

तिनं बॉनेट उघडलं. सेन्सर जागेवर होता, पण त्याचा प्लग निघून बाजूला लोंबत होता. तिनं मीटर लावून वायर तपासली. वायर शाबूत, पिना स्वच्छ. मग प्लग उलटसुलट करून पाहिला. अशा प्लगला छोटं प्लॅस्टिकचं लॉक असतं. हादऱ्यानं ते तुटेल, पण आपण होऊन उघडणार नाही. हे तुटलं नव्हतं. कुणीतरी ते अंगठ्यानं दाबून हळूच ओढलं होतं. मागच्या खेपेला कॉइलचा प्लग असाच सुटला होता, त्याच्या आधी रेडिएटरच्या पंख्याचा. कामाच्या गडबडीत तिनं ते तेव्हा मनावर घेतलं नव्हतं.

"बॉनेट कुणी उघडलं होतं का?"

"मी तर नाही. मला त्याचा खटकासुद्धा चाचपून शोधावा लागतो." सासरे खरं बोलत होते. खोटं बोलले की त्यांचे कान लाल व्हायचे. आत्ता ते नेहमीच्या रंगाचे होते.

"दुसरं कुणी? शेजारीपाजारी?"

"गाडी फाटकाच्या आत असते. घरात आम्ही दोघंच."

तिनं बॉनेटच्या आडून पाहिलं. सासूबाईंचे हात मांडीवर होते. उजवा हात डाव्याखाली झाकलेला.

तिला त्यांचं अंगण आठवलं. सुट्टीच्या दिवशी ती हीच गाडी तिथं उघडून बसायची आणि सासूबाई टॉर्च धरून उभ्या राहायच्या. "हे काढतेस कसं गं?" त्यांनी एकदा विचारलं होतं. तिनं त्यांचा अंगठा धरून दाखवलं होतं. आधी दाबायचं, मग ओढायचं.

ती ते घर सोडून निघाली त्या दिवशी मात्र सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नव्हत्या. तिनं दारातून हाक मारली, तेव्हा आत नुसता नळ वाहत होता.

तिनं प्लग बसवला. टक् झालं. स्कॅनरवरचा दोष पुसला, गाडी चालू केली. इंजिन एका लयीत फिरायला लागलं. ते बंद करून तिनं सासऱ्यांना समोर चहा सांगायला पाठवलं आणि मागचं दार उघडलं.

"हात बघू."

"काही झालेलं नाही."

"आई, हात बघू."

तोंडातून निघूनच गेलं. सासूबाईंनी हात पुढे केला. अंगठ्याच्या कडेला भाजल्याचा टपोरा फोड होता आणि त्यावर टूथपेस्टचा जाड थर.

"गरम इंजिनात हात घातलात तुम्ही."

"हे गाडीतून भाजी घेऊन आले की आंघोळीला जातात. तेवढाच वेळ मिळतो मला."

ती मलम आणि पट्टी घेऊन आली, त्यांच्या शेजारी बसली आणि टूथपेस्ट अलगद पुसायला लागली. सासूबाई तिच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत होत्या.

"त्या दिवशी मी बाहेर आले नाही," त्या म्हणाल्या. "आले असते तर तुला जाऊ दिलं नसतं. आणि तुला तर जायलाच हवं होतं."

ती पट्टी गुंडाळत राहिली. एवढ्याशा फोडाला लागते त्यापेक्षा पट्टी पुष्कळच जास्त झाली.

सासरे चहाचे तीन कप सांभाळत आले. दोघींना एका सीटवर पाहून त्यांची पावलं मंदावली. मग त्यांना पट्टी दिसली.

"हे काय झालं?"

"तव्याचा चटका," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही पण बसा, बाबा. चहा गार होईल," ती म्हणाली.

ते पुढच्या सीटवर बसले, दोघींच्या हातात कप दिले आणि थोड्या वेळानं वळून त्यांनी विचारलं, "आता परत नाही ना बिघडायची?"

ती काही म्हणायच्या आत सासूबाई चहात फुंकर मारत म्हणाल्या, "काही सांगता येत नाही हो. जुनी गाडी आहे."