मिलानला गेलेली टोपली

आपल्या बायकोने, आवडीने, इटलीला जाऊ नये म्हणून वाघ्याने तिसरं कारण काढलं. तिकडचा बांबू ताठ असणार, हवा तसा वाकणार नाही.

नम्रता ओटीवर बसून हसली. ती कर्जतची, पण आता मिलान शहरातल्या कला आणि डिझाइनच्या एका संग्रहालयात नोकरीला होती. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आली असताना कर्जतच्या बाजारात तिने आवडीकडून एक टोपली घेतली होती. संग्रहालयात दर तीन वर्षांनी मोठं प्रदर्शन भरायचं. यंदा तिथे देशोदेशीच्या घरगुती वस्तू मांडणार होते आणि त्यांत ती टोपली निवडली गेली होती. विणणारीने स्वतः येऊन लोकांसमोर विणून दाखवावं, असं बोलावणं घेऊन नम्रता भिवपुरीच्या डोंगराखालच्या ठाकूरवाडीत आली होती.

वाघ्याचं पहिलं कारण विमानाचं होतं, दुसरं जेवणाचं. मिलानच्या आसपास आपल्यासारखीच भातशेती आहे, हे कळल्यावर ते बाद झालं. कामट्या इथूनच न्यायचं ठरल्यावर बांबूचंही झालं.

"मी जाऊ नये असं वाटतंय का रं तुला?" आवडीने विचारलं.

"तसं नाय," तो म्हणाला आणि कोयता घेऊन परसात गेला.

म्हाताऱ्याला करमणार नाही म्हणून अडवतोय, असं वाडीने ठरवून टाकलं. सून संध्याने तर त्याला तोंडावर चिडवलं. तो बांबू तासत राहिला. निघायच्या दिवशी मात्र त्याने नम्रताला बाजूला घेऊन सांगितलं, की तिला फार वेळ विणायला बसवू नको आणि घाई तर अजिबात करू नको.

तिकडून आवडीचा रोज संध्याच्या मोबाइलवर फोन यायचा. संग्रहालयात खुर्च्याच खुर्च्या आहेत, पण कुणाला बसू देत नाहीत. पाणी तापवायची किटली आहे, तीही काचेत. सांगताना ती हसायची. वाघ्या नुसता हं हं करायचा.

विणून दाखवायच्या दिवशी तो जेवलाच नाही. संध्या मागेच लागली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. चार वर्षं झाली, आवडीची बोटं नीट वळत नव्हती. कामट्या घट्ट ओढल्या जात नव्हत्या, वीण सैल पडत होती. ती पाण्याला किंवा रानात गेली, की तो टोपली उसवायचा, घट्ट विणायचा आणि होती तिथे ठेवून द्यायचा. बाजारात लोक तिच्या हाताचं कौतुक करायचे. ती खुशीत घरी यायची. तिला हे सांगायचा त्याला कधी धीर झाला नव्हता.

"आता तितं लोकांम्होरं कोन घट्ट करनार?" तो म्हणाला. "हसतील तिला."

संध्याने ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं.

दुपारी दोनच्या सुमारास व्हिडिओ कॉल आला. मोठ्या दालनात आवडी जमिनीवर मांडी घालून बसली होती. भोवती लोकही तसेच जमिनीवर बसले होते. तिच्या मांडीवर अर्धी झालेली टोपली होती. वाकडीतिकडी, बोटबोट फटींची. वाघ्याने मान खाली घातली.

पण हसत कुणीच नव्हतं. नम्रता सांगत होती, की या फटींतून उजेड भिंतीवर असा सांडतो, की माणसं पाहत उभी राहतात. अशी वीण कुठे पाहिली नव्हती, म्हणूनच तर निवड झाली. तिने मोबाइल काचेच्या कपाटाकडे वळवला. आतल्या टोपलीची वीणही तशीच सैल होती.

वाघ्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ही कवाची गं?" त्याने विचारलं.

आवडीने मोबाइल हातात घेऊन तोंडाशी धरला.

"तू खालापूरला लेकीकडं आठ दिस ऱ्हायला व्हतास ना, तवाची," ती म्हणाली. "तुझा हात न लागलेली तेवढी एकच."