हर्शेलची धार

“काका, बंदूक खाली घ्या. मी आहे, ड्वेन.”

उतारावर आडव्या पडलेल्या ओकच्या ओंडक्यामागून ड्वेन प्रूट उभा राहिला. हात त्यानं वर केला नाही. टर्की पक्ष्यांच्या शिकारीच्या मोसमात रानात हात हलवायचा नसतो. हललं त्यावर दुसरा बार पडतो. नुसतं मोठ्यानं बोलायचं, हे या डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

वर झाडाला पाठ लावून बसलेला हर्शेल क्रॅबट्री डोळे फाडून बघत होता. नुकत्याच उडालेल्या बाराच्या दारूचा वास अजून हवेत होता.

“ड्वेन? तू तिथं काय करतोयस?”

“मरता मरता वाचतोय.”

हर्शेलची बंदूक गळून मांडीवर आली. “लागलं का तुला? थांब, येतो मी.” गुडघ्यावर हात टेकून तो उठू लागला.

“बसा तिथंच. तुमचा तो गुडघा, त्यात हा उतार. मीच येतो.”

पण तो लगेच आला नाही. एक पाय ओंडक्यामागं घट्ट रोवून बराच वेळ तसाच उभा राहिला. कपाळावर घाम आला होता. म्हाताऱ्याला ते बघवेना, त्यानं मान फिरवली. मग ड्वेननं पाय उचलला आणि सावकाश चढण चढून शेजारी येऊन बसला.

“कानाजवळून गेले छर्रे,” तो म्हणाला.

“माझी गाडी फाटकाशी दिसली नाही तुला?”

“दिसली. मी पलीकडच्या ओढ्यानं आलो. चुकलंच माझं.”

चुकलं होतंच. सरकारी रानातली डोंगराची ही धार कुणाच्या बापाची नव्हती. पहाटे फाटकाशी ज्याची गाडी पहिली, त्याची त्या दिवसापुरती धार. मागून आलेल्यानं गुमान गाडी वळवायची. कुठं लिहिलेला नाही, पण हा कायदा सगळे पाळत. खाली खोऱ्यातली चांगली जमीन सेंट लुइसच्या डॉक्टर-वकिलांनी केव्हाच गिळली होती आणि झाडाझाडावर जांभळे पट्टे मारले होते, म्हणजे आत पाऊल टाकाल तर खबरदार. वर्षातून दोनदा तोंड दाखवणाऱ्यांना डोंगरच्या डोंगर, आणि इथं जन्मून इथंच मरणाऱ्यांना मिळून ही एक धार. त्यातही बायको गेल्यापासून हर्शेलला झोप नव्हती. फाटकाशी पहिली गाडी कायम त्याचीच. लोक तिला हर्शेलची धारच म्हणायचे.

“नर होता रे,” हर्शेल म्हणाला. “लाल डोकं. ओंडक्यापाशी आला न् मान वर केली.”

“कसला नर, काका? मी होतो तिथं.”

“मादी पण बोलत होती की.”

“ती मीच.” ड्वेननं खिशातून लाकडी डबी काढली. झाकण घासलं की तिच्यातून मादीचा आवाज निघतो आणि त्या आवाजामागं नर येतो.

हर्शेल डबीकडे बघत राहिला. “मला झुबका दिसला.”

ड्वेननं डबी परत खिशात टाकली. वसंतात मारायचा तो नर, आणि नराची खूण म्हणजे छातीवर लोंबणारा काळ्या राठ केसांचा झुबका. तो दिसल्याशिवाय हर्शेलनं जन्मात चाप ओढला नव्हता. गावातल्या निम्म्या गड्यांना बंदूक धरायला त्यानं शिकवलं होतं, ड्वेनलासुद्धा. न बघता बार टाकणाऱ्याच्या तो सरळ कानफटात द्यायचा.

“दिसला म्हणजे दिसला,” तो पुन्हा म्हणाला, पण आता आवाज विचारल्यासारखा होता. “आत्ताच तर मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाला, हर्शेल, ससाण्याचे डोळे झालेत तुझे.”

“बिल लावणारा माणूस दुसरं काय म्हणणार, काका?”

हर्शेल हसला नाही. “शिकार खात्याला फोन करतो. माणसावर बार टाकला की कळवायचं असतं.”

“काही नको. मला ओरखडासुद्धा नाही. उगाच तुमचं नाव पेपरात यायचं, तिकडे तुमची लेक डार्ला रडत बसायची. बापाचं नाव आहे गावात. हे आपल्या दोघांत राहील. फक्त…”

“फक्त काय? बोल की लेका.”

“आज मी होतो. उद्या कुणाचं तरी पोर असेल.”

समोरच्या डोंगरावर डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती. म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून तिकडे पाहिलं, जणू तीही आहेत की नाहीत याची आता खात्री नव्हती. मग बंदुकीतली उरलेली काडतुसं काढून त्यानं ड्वेनच्या तळहातावर ठेवली.

“घे. संपलं माझं.”

“काका, एवढं नका हो…”

“गप. तू जिवंत आहेस ते माझं नशीब.” त्यानं हात पुढे करून ड्वेनचा कान चाचपला, तापलेल्या पोराचं कपाळ चाचपावं तसा. “घरी जा. बायकोच्या हातचं गरम काहीतरी खा. आणि उद्यापासून फाटकाशी लवकर येत जा, नाहीतर ते जॉपलिन शहरातले लफंगे घुसतील इथं.”

“धार कुठं आपली आहे, काका. सरकारची.”

“तरी.”

म्हातारा सोबत नको म्हणाला. रिकामी बंदूक खांद्याला अडकवून, एकेका झाडाला हात देत उतरला. एका जागी अडखळला, थांबला, पायाखाली नीट बघून पुढं गेला.

ड्वेन बसून राहिला. खाली गाडी सुरू झाली, वळणामागं आवाज विरला, तरी थोडा वेळ बसला. मग उठला, ओंडक्यापाशी गेला आणि पाचोळ्यातला नर पाय धरून उचलला. चांगला जड होता. छातीवर वीतभर काळा झुबका. छर्रे सगळे डोक्यात, अंगाला एकही नाही. ड्वेननं त्याच्या पायाला शिकारीच्या परवान्याची, आपल्या नावाची चिठ्ठी बांधली.