पाचशेतली एक प्रत

कादंबरीच्या शेवटच्या पानावर दोन पुरुष एकाच घरात सुखानं म्हातारे होत होते. छापखान्याच्या मालकानं खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला सांगितलं, “हे पान मोडा. एकाला मारल्याशिवाय पुस्तक निघायचं नाही. लेखकानं नवं दिलंय.” जुळाऱ्यानं जुन्या पानाचं प्रूफ खिशात घातलं आणि त्याच शिशाच्या खिळ्यांनी मरण जुळवलं. छापलेल्या पानांचे फर्मे शिवायला बाइंडरकडे गेले. बाइंडर जुळाऱ्याच्याच खोलीत एकवीस वर्षं राहत होता. घरमालकिणीच्या लेखी मावसभाऊ. शिवता शिवता शेवटच्या पानावर त्याचा हात थांबला. “तू तर म्हणालास, दोघं जगतात.” जुळाऱ्यानं खिशातला कागद पुढे केला. बाइंडरनं एका प्रतीतलं मरण फाडलं, तिथं तो कागद चिकटवला. “घरी नेऊ?” जुळाऱ्यानं विचारलं. “नको. मालकीणबाई आपलं कपाट उघडतात.” ती प्रत पाचशेंच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवत बाइंडर म्हणाला, “जाऊ दे. कुणाच्या तरी घरी राहतील दोघं.”